बालाघाटाची घडण आणि माथ्यावरचे पाणी

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या आगगाडीने जो कोणी घाटनांदूरला प्रथमच येतो, त्याला एक कोडे पडल्यावाचून राहत नाही. परळी मागे पडली की गाडी चढणीला लागते. लोहमार्ग डोंगराच्या कडेकडेने वर सरकू लागतो, रुळांच्या बाजूला कापलेला काळा खडक दिसू लागतो आणि गोदावरीच्या खोऱ्यातली सपाटी हळूहळू खाली राहते. घाट संपतो, घाटनांदूर येते. आता घाट चढला म्हणजे पलीकडच्या बाजूने तो उतरावयाचा, हा आपला साधा हिशेब. म्हणून प्रवासी उताराची वाट पाहत बसतो. पण गाडी माळरानावरून, जोंधळ्याच्या आणि तुरीच्या शेतांमधून तशीच पुढे जाते आणि लातूर रोड येईपर्यंत म्हणण्यासारखा उतार काही लागत नाही. मग जो डोंगर आपण चढलो, तो उतरलो तरी कोठे?

हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु आमचे म्हणणे असे की, या एका प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले तर आपली जमीन, आपली विहीर आणि उन्हाळ्यातला आपल्या गावचा पाण्याचा टँकर या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो. वसंतातल्या व्याख्यानांना जमणारी मंडळी दूरदेशीच्या गोष्टी आवडीने ऐकतात, आणि त्यांनी त्या ऐकाव्यातही. पण ज्या जमिनीवर सतरंजी अंथरून आपण बसतो, ती जमीन कोठून आली हे विचारणेही तितकेच अगत्याचे आहे.

कोड्याचे निम्मे उत्तर नावातच आहे. 'बाला' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ वरचा. बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख. वऱ्हाडातही पूर्वी वरच्या मुलखाला बालाघाट आणि खालच्या मुलखाला पाईनघाट म्हणत. आपल्या जिल्ह्यातली माणसे अजून गोदाकाठच्या सखल पट्ट्याला गंगथडी म्हणतात आणि वरच्या भागाला घाटावरचा भाग म्हणतात. तेव्हा बालाघाट हे मुळात शिखरांच्या रांगेचे नाव नव्हे, ते वरच्या पठाराचे नाव आहे. घाटनांदूर या नावातला 'घाट'ही हीच खूण सांगतो. आपण चढतो तो डोंगर नसून पायरी आहे. आणि पायरी चढली म्हणजे लगेच उतरावयाचे नसते. मुंबईहून खंडाळ्याचा घाट चढून पुण्याला जाणाऱ्यालाही नेमका हाच अनुभव येतो. कर्जतनंतर तो चढतो, पण लोणावळ्यानंतर तितका उतरत नाही. महाराष्ट्राचा बराचसा भाग म्हणजे अशा पायऱ्यांचे बांधकाम आहे.

हे बांधकाम झाले कसे? त्यासाठी सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे मागे जावे लागते. त्या काळी आपला भूखंड आज आहे तेथे नव्हता. आफ्रिकेपासून आणि पुढे मादागास्करपासून तुटून तो उत्तरेकडे सरकत होता. आशियाला तो भिडावयाचा होता आणि हिमालय उभा राहावयाचा होता. या प्रवासात पृथ्वीच्या पोटातील अतिशय तप्त अशा एका जागेवरून तो गेला. ती जागा आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली आहे असे शास्त्रज्ञ मानतात. तेथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस बाहेर आला. एखाद्या उंच शंकूच्या तोंडातून धूर आणि राख उडावी, असा ज्वालामुखी आपल्या डोळ्यांसमोर असतो. येथला प्रकार बहुतांशी तसा नव्हता. तापलेल्या तव्यावर धिरड्याचे पीठ ओतले म्हणजे ते जसे आपोआप पसरत जाते, तसा हा पातळ शिलारस मैलोगणती पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, त्यावर तिसरा. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये इतका काळ गेला की, खालच्या खडकाची माती होऊ लागली. पुढच्या शिलारसाने ती झाकून टाकली. आजही घाटातल्या कापलेल्या कड्यात काळ्या खडकाच्या मधोमध तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो पुष्कळदा अशा वेळी झालेल्या मातीचा असतो. दोन धिरड्यांमध्ये चटणीचा हात फिरवावा, तसा तो दिसतो.

अशा थरांनी आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीच्या बाजूला या थरांची एकूण जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत भरते आणि पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. हा खडक म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. अंबाजोगाईचे हत्तीखाना लेणे याच पाषाणात कोरलेले आहे आणि आपल्या बांधावरचे धोंडेही त्याच जातीचे आहेत. थरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात म्हणून युरोपीय भूशास्त्रज्ञांनी स्वीडिश भाषेतला पायरी या अर्थाचा शब्द घेऊन या खडकाला 'ट्रॅप' म्हटले. डोंगर चपट्या माथ्याचे आणि कडे उभे, हे आपल्या गडकिल्ल्यांचे रूपही या थरांमुळेच आले आहे.

आता येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बालाघाट हा कोणी खालून ढकलून वर काढलेला डोंगर नाही. हिमालय तसा आहे. दोन भूखंड एकमेकांवर रेटले गेले आणि मध्ये सापडलेल्या थरांना सुरकुत्या पडल्या, त्या सुरकुत्या म्हणजे हिमालय. आपल्याकडे थर जवळजवळ आडवेच राहिले. मग उंचसखलपणा आला कोठून? तो नद्यांनी आणला. हे सारे पठार एकेकाळी सलग होते. त्यावर पाऊस पडला, ओहोळ झाले, ओहोळांच्या नद्या झाल्या, आणि लक्षावधी वर्षे त्या आपापली खोरी खणत राहिल्या. उत्तरेकडे गोदावरीने खणले, दक्षिणेकडे भीमेने आणि मांजरेने खणले. दोहोंच्या मध्ये जे खणावयाचे राहून गेले, त्याला आपण डोंगर म्हणतो. शेतात दोन बाजूंनी माती उचलली म्हणजे मध्ये वरंबा राहतो ना, तसा हा बालाघाट आहे. तो उभा केलेला नाही, तो उरलेला आहे. सह्याद्रीत हरिश्चंद्रगडाच्या बाजूला निघून अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांतून पूर्वेला आणि आग्नेयेला जाणारी हरिश्चंद्र-बालाघाटाची रांग म्हणजे हा वरंबाच होय. हरिश्चंद्रगड १,४०० मीटरांहून उंच आहे. पूर्वेकडे येता येता ही रांग बसकी होत जाते.

खणण्याचे काम अजून थांबलेले नाही. बालाघाटाची उत्तरेकडची कड अधिक उभी आहे. सिंदफणा, बिंदुसरा, वाण या नद्या त्या बाजूने गोदावरीच्या खोऱ्यात उतरतात आणि उतरताना कडा थोडी थोडी मागे खात येतात. दक्षिणेकडचा आणि आग्नेयेकडचा उतार मात्र इतका मंद आहे की, तो डोळ्यांना दिसत नाही. तो फक्त पाण्याला समजतो. आपल्या प्रवाशाचे कोडे येथे सुटले. तो उतरतो आहे, परंतु शेकडो किलोमीटरांत मिळून उतरतो आहे.

हा मंद उतार आपल्या एकट्या तालुक्याचा नाही. तो साऱ्या दक्षिण भारताचा आहे. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर लांब सह्याद्री पश्चिम किनाऱ्याला चिकटून उभा आहे, आणि त्याच्या पाठीमागचे पठार पूर्वेकडे कलते आहे. त्र्यंबकेश्वरला गोदावरी जेथे उगम पावते, तेथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. नर्मदा आणि तापी या दोन मोठ्या नद्या खचलेल्या लांबट दऱ्यांतून पश्चिमेला जातात. बाकी कृष्णा, गोदावरी, कावेरी साऱ्या पूर्ववाहिनी.

तीन बाजूंना समुद्र आणि मध्ये डोंगर असे देश जगात आणखीही आहेत. इटलीच्या द्वीपकल्पात अपेनाइन पर्वत पाठीच्या कण्यासारखा मधून जातो, त्यामुळे तेथील नद्या दोन्ही बाजूंना निघतात आणि बहुतेक आखूड राहतात. कोरियात तर आपल्या अगदी उलट चित्र आहे. तेथे तैबेक पर्वत पूर्व किनाऱ्याला लागून आहे, म्हणून मोठ्या नद्या पश्चिमेला आणि दक्षिणेला वाहतात. आरशात पाहावे तशी ती आपली उलटी प्रतिमा आहे. तिन्ही देशांत नियम मात्र एकच: डोंगर कोणत्या बाजूला आहे त्यावर नद्यांची लांबी ठरते, आणि पाऊस कोणाच्या वाट्याला किती यावयाचा हेही बऱ्याच अंशी ठरते.

पावसाचा हिशेब आपल्या बाबतीत असा झाला आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. सह्याद्री आडवा येतो, वारे वर चढतात, थंड होतात आणि आपला भार तेथेच टाकतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरांच्याही वर पाऊस पडतो; तेथून पूर्वेला शंभर किलोमीटर जाईपर्यंत तो ६०० मिलिमीटरांच्या खाली येतो. या पर्जन्यछायेत आपला मुलूख सापडला आहे. थोडे सुदैव इतकेच की, बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या वादळी पावसाचा काही भाग पूर्वेकडून आपल्यापर्यंत पोचतो. म्हणूनच पश्चिमेकडील आष्टीपेक्षा अंबाजोगाई-परळीकडे पाऊस काहीसा अधिक आहे. तरी ढोबळ मानाने वर्षाला ७०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही चार महिन्यांत, चार महिन्यांतही मोजक्या दिवसांत, आणि कधी कधी मुळीच नाही. १९७२ साल वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. २०१३ साली पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले. २०१६ साली मांजरेवरचे धनेगावचे धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने कृष्णेचे पाणी आणावे लागले.

पडलेला पाऊस जातो कोठे, हे पाहण्यासाठी आता आपण पुन्हा माथ्यावर येऊ. बालाघाटाचा माथा हा पाणलोटाचा दुभाजक आहे. घाटनांदूरच्या परिसरात एखादी सर आली, तर कडेच्या उत्तरेला पडलेले पाणी वाणेच्या खोऱ्यात उतरते आणि लवकरच गोदावरीला मिळते. दक्षिणेला आणि पूर्वेला पडलेले पाणी मांजरेच्या कुळात जाते. शेजारच्या धर्मापुरीच्या परिसरात मन्याड उगम पावते; ती अहमदपूर, कंधारकडून नांदेड जिल्ह्यातून जाऊन मांजरेला मिळते. खुद्द मांजरा याच बालाघाटावर पाटोदा तालुक्याच्या बाजूला निघते, आग्नेयेला बीदरकडे जाते, तेलंगणात शिरते, तेथे वळून उत्तरेला येते आणि ७२४ किलोमीटरांचा वळसा संपवून कंदकुर्तीजवळ गोदावरीतच मिळते. एका सरीचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक थोडक्यात गंगेला पोचला, दुसरा तीन राज्ये हिंडून पोचला. बालाघाटाच्या पश्चिम भागातले काही पाणी तर सौताड्याच्या धबधब्यावरून विंचरणेत, तेथून सीनेत, भीमेत आणि शेवटी कृष्णेत जाते.

ऐकावयास हे मोठे रम्य वाटते. परंतु यातच माथ्यावरच्या गावाची सारी अडचण साठवलेली आहे. खोऱ्यातल्या गावाला त्याच्या स्वतःच्या शिवारातला पाऊस मिळतो, आणि वरच्या गावांतून वाहून आलेले पाणीही मिळते. नदी म्हणजे वरच्यांनी खालच्यांना पाठविलेले पाणीच. माथ्यावरच्या गावाच्या वर कोणी नाही. त्याला पाणी पाठविणारे फक्त आकाश. येथून सर्वांकडे पाणी जाते, येथे कोणाकडूनही येत नाही. आमच्या आजच्या विवेचनातली मुख्य गोष्ट म्हणाल तर ती हीच.

कोणी म्हणेल, वरून वाहून गेले तरी जमिनीत मुरलेले तर आपलेच ना? येथे पुन्हा त्या काळ्या पाषाणाकडे जावे लागते. उत्तरेकडे गंगा-यमुनेच्या मैदानात शेकडो मीटर जाडीचा गाळ आणि वाळू आहे. वाळूने भरलेल्या घागरीत पाणी ओतावे तसे तेथे पाणी मुरते आणि कोठेही खणले तरी हाती लागते. आपल्याकडे घागरीत वाळू नाही, दगड भरलेला आहे. दगडाच्या अंगात पाणी राहत नाही. ते राहते त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि झिजून मुरूम झालेल्या वरच्या थरात. वर काळी माती किंवा बरड, तिच्याखाली मुरूम, त्याखाली मऊ भेगाळ खडक, आणि त्याखाली पहारेला दाद न देणारा पाषाण, ही उतरंड विहीर खणलेल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. पाण्याचा मुख्य साठा वरच्या पंधरा-वीस मीटरांतला. पडलेल्या पावसापैकी भूगर्भात जाऊन टिकणारा भाग अशा खडकात शेकडा पाच ते पंधराच्या दरम्यान भरतो. त्यातही माथ्यावर मुरूम पातळ, माती हातभर; दरीत माती पुरुषभर खोल. आपल्या विहिरीचे पाणीसुद्धा हळूहळू उताराच्या बाजूने खालच्या गावाच्या विहिरीकडे सरकत असते. माथ्यावरची विहीर दिवाळीनंतर तळ दाखवू लागते आणि तिच्याच खाली दोन कोसांवरची विहीर शिमग्यापर्यंत टिकते, याचे कारण हे.

मग माणसाने बोअर काढला. दोनशे फूट, चारशे फूट, आता त्याच्याही खाली. इतक्या खोल पाणी कधी कधी लागते, हे खरे. दोन थरांच्या सांध्यात किंवा एखाद्या भेगेत ते अडकलेले असते. परंतु वरून तेथे भर पडण्याची वाट अरुंद असते आणि तिला वेळ फार लागतो. हे पाणी म्हणजे आजोबांनी पुरून ठेवलेला हंडा होय. तो सापडला म्हणून आनंद व्हावा, पण त्यावर दरसाल घरखर्च चालवू नये. एका शेजाऱ्याचा बोअर दुसऱ्याच्या बोअरचे पाणी ओढतो, दुसरा आणखी खोल जातो, आणि दोघेही कर्ज फेडत बसतात. हा अनुभव घाटावरच्या कोणत्या गावाला नाही?

खोलीचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या लाव्हाच्या थरांखाली काय आहे? किल्लारी येथे भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडून पाहिले, तेव्हा सुमारे ३४० मीटरांनंतर बेसॉल्ट संपला आणि खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. कोयनेच्या बाजूला तोच तळ लागण्यास सुमारे १,२५० मीटर जावे लागले. पूर्वेकडे थर पातळ होतात ते असे. हा तळ अत्यंत जुना आणि स्थिर, म्हणून दख्खनला मोठ्या भूकंपाचे भय नाही, असे पुष्कळ काळ मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेने त्या समजुतीला पहिला धक्का दिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपलेली असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे नेली. हिमालयाला रेटणारा आपला भूखंड अजून रेटतोच आहे. त्या रेट्याचा ताण जुन्या तळातल्या दुबळ्या जागी साठतो आणि केव्हा तरी सुटतो. माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या गोल धोंड्यांच्या जाड भिंती आणि त्यांवर हातभर मातीचे माळवद, ही रचना उन्हाळ्यात गारवा देणारी, पण हादऱ्यात जीव घेणारी होती. डोळ्यांना न दिसणारा भूगोल जाणून घ्यावा लागतो, तो अशासाठी.

असो. आपण पुन्हा पाण्याकडे येऊ. माथ्यावरच्या गावाला पाणी फक्त आकाशातून मिळते, हे ऐकून कोणास वाटेल की आम्ही निराशेचा पाढा वाचीत आहोत. तसे नाही. आकाश जे देते ते किती, याचा हिशेब एकदा मांडून पाहू. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. वर्षाकाठी ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर २८ लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. आता २०१६ सालची लातूरची ती पाण्याची गाडी आठवा. पन्नास वाघिणींची गाडी आली म्हणजे तिच्यात सुमारे २५ लाख लिटर पाणी असे, आणि ते साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास वाहून आणावे लागे. तेवढे पाणी साधारण वर्षात आपल्या एका एकरावर आपोआप येऊन पडते. ज्याच्याकडे पाच एकर आहे, त्याच्या बांधापर्यंत दरसाल अशा पाच गाड्या येतात. फरक इतकाच की, त्या थांबत नाहीत. उतार त्यांना पुढे पाठवून देतो.

सारे पाणी अडविता येत नाही, आणि ते अडवूही नये. काही उन्हाने उडून जाणार, काही पिकाच्या मुळांना लागणार, आणि काही खालच्या गावांचा न्याय्य वाटा म्हणून जाणार. परंतु धावणाऱ्या पाण्याला चालावयास लावणे आणि चालणाऱ्याला क्षणभर थांबविणे हे माथ्यावरच्याच माणसाच्या हाती आहे. म्हणून पाणलोटाचे जाणकार काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे येतात. वरच्या माळावर समान पातळीने खणलेले चर, त्यावर गवत आणि झाडे, खाली शेतांची बांधबंदिस्ती, ओघळींत दगडांचे छोटे बांध आणि शेवटी नाल्यावर बंधारा, असा हा क्रम आहे. खाली मोठा बंधारा बांधला आणि वरचा माळ उघडाच ठेवला, तर चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. ज्या मुरुमाच्या थरात पाणी राहते, त्याला धरून ठेवणारी माती वरून वाहून गेली, तर पुढच्या पिढीला घागर तर नाहीच, पण तिचे खापरही मिळणार नाही.

जुन्या लोकांना हे भूगर्भशास्त्र पुस्तकातून ठाऊक नव्हते, पण जमीन त्यांना वाचता येत होती. बीड शहराजवळची खजाना विहीर १५८२ साली निजामशाहीचा सरदार सलाबतखान याच्या काळात झाली. भूमिगत पाटांनी तिच्यात पाणी आणलेले आहे आणि पाटानेच ते शेतांकडे नेलेले आहे. ज्या वर्षी भोवतालच्या विहिरी आटल्या, त्या वर्षीही तिने पाणी दिल्याचा लौकिक आहे. डोंगराच्या अंगात मुरलेले पाणी कोठे बाहेर येऊ पाहते ते ओळखून ती जागा निवडली गेली. अंबाजोगाईच्या बारवा पाहिल्या तरी तीच दृष्टी दिसते. आणि हे केवळ जुन्यांनाच साधले असेही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावी पाऊस आपल्याहून कमी पडतो. त्या गावाने माथ्यापासून चर खणले, शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही असे ठरविले, उसाला नकार दिला आणि दरसाल पावसाचे माप घेऊन पिकांचा निर्णय गावसभेत करावयाची रीत पाडली. उसाच्या एका पिकाला २,००० मिलिमीटर किंवा अधिक पाणी लागते. आकाश देते ७०० मिलिमीटर. उरलेले कोणाच्या तरी विहिरीतून किंवा कोणाच्या तरी उद्यातून येणार, हे गणित समजण्यास भूगोलाची पदवी लागत नाही.

भूगोल म्हणजे राजधान्यांची आणि नद्यांची नावे पाठ करणे, अशी शाळेपासून आपली समजूत झालेली असते. आम्हांला तसे वाटत नाही. सह्याद्री हलविता येणार नाही, मोसमी वाऱ्याला वळविता येणार नाही, आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या पाषाणाला वाळू करता येणार नाही. या तीन गोष्टी आपल्या हातच्या नाहीत, हे एकदा मान्य केले म्हणजे हातच्या गोष्टी कोणत्या हे स्पष्ट दिसू लागते.

हे लिहीत असता बाहेर वैशाखाचे ऊन आहे आणि मृगाला अजून थोडा अवकाश आहे. आमची वाचकांना एकच विनंती आहे. पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा पडवीत बसून न राहता, डोक्यावर पोते घेऊन, आपल्या शेताच्या सर्वांत उंच कोपऱ्यावर जाऊन उभे राहावे आणि पाणी कोणीकडे निघाले ते पाहावे. ते वाणेकडे चालले की मन्याडीकडे, बांध कोठे फुटला, माती कोठून सुटली, हे सारे अर्ध्या तासात दिसेल. बालाघाट उभा केलेला नाही, तो उरलेला आहे, हे आम्ही वर सांगितले. तो कोणत्या हाताने कोरला गेला, तेही त्या वेळी डोळ्यांनी दिसेल. आणि आपल्या कुदळीला कोठून सुरुवात करावयाची, हेही दिसेल.